दुधनीच्या फरशीखालचा क्रोएशिया

चौतीस वर्षं मी शाळेत भूगोल शिकवला आणि त्या चौतीस वर्षांत पूर्वेला गुलबर्गा नि पश्चिमेला पुणे, यांच्या पलीकडे पाऊल टाकलं नाही. फळ्यावर मात्र जगाचा नकाशा मी डोळे मिटून काढायचो. पोरं टाळ्या वाजवायची. डोळे मिटून जग बघायची खोड मला तेव्हाच लागली असावी.

निवृत्तीनंतर युरोची नाणी गोळा करायचा नाद लागला. सोलापुरात बसून युरो, म्हणजे लोक हसणारच. पण भूगोलाच्या मास्तरासाठी यासारखी चैन नाही. कितीतरी देशांनी मिळून एकच पैसा केलाय. नाण्याची एक बाजू सगळीकडे सारखी, दुसरी ज्या त्या देशाची. कुणी त्यावर राजा काढतो, कुणी हंस काढतो. ग्रीसवाल्यांनी घुबड काढलंय. ते घरात आलं त्या दिवशी आमच्या हिनं जेवण वाढलं नाही. घुबड हे लक्ष्मीचं वाहन आहे, असं मी पुराव्यानिशी सांगितलं, तर म्हणाली, मग लक्ष्मी आली की दोघांना बरोबरच आत घेऊ, तोवर त्याला गॅलरीत ठेवा. ग्रीस चार दिवस गॅलरीत होता.

नाद लावला लेकीनं. तिनं लग्न स्वतःच्या पसंतीनं केलं आणि जावयांबरोबर जर्मनीला गेली. अकरा महिने मी तिच्याशी बोललो नाही. कारण विचाराल तर आता मला धड सांगता येत नाही. तेव्हा मात्र तोंडपाठ होतं. आईशी तिचे फोन चालायचे. फोन वाजला की मी उठून गच्चीवर जायचो आणि कोरड्या कुंड्यांना पाणी घालायचो. त्या वर्षी आमच्या कुंड्यांतली झाडं पाण्यानं सडली.

अकराव्या महिन्यात माझ्या नावानं पाकीट आलं. आत पुठ्ठ्यावर चिकटवलेलं एक नाणं, त्यावर वीणेसारखं वाद्य. खाली एक ओळ होती, "बाबा, ओळखा कुठलं?" मी रागात होतो, पण प्रश्न भूगोलाचा होता. पोस्टकार्ड घेऊन लिहिलं, "आयर्लंड. राजधानी डब्लिन." राजधानी तिनं विचारली नव्हती. पोस्टकार्ड परदेशी जात नाही म्हणून परत आलं, मग मुकाट्यानं फोनच केला. असं आमचं बोलणं सुरू झालं.

पुढं नाणी येत राहिली आणि प्रत्येक नाण्याबरोबर हकिकत. पोर्तुगालचं नाणं तिला चढावरच्या ट्राममध्ये मिळालं होतं. फिनलंडचं नाणं घेताना हातमोजा काढला, तर बोटं बधिर झाली होती. मी जाड पुठ्ठा कापून अल्बम केला, प्रत्येक देशाला एक खण केला आणि खणाखाली देश, राजधानी, प्रमुख नद्या लिहिल्या. हकिकती मात्र तोंडी सांगायचो, त्याही रोज सकाळी आठला, शेजारच्या अण्णांना.

अण्णांचं आयुष्य चादरीच्या मागावर गेलं. घरात तेलुगू, कट्ट्यावर सोलापुरी मराठी. आठ वाजता आम्ही दोघं चहाचे कप घेऊन माझ्या कट्ट्यावर बसायचो. ते पेपरची घडी उघडायचे आणि मी घड्याळ बघायचो. "अण्णा, आता तिकडं साडेतीन वाजलेत. लेक गाढ झोपेत असेल." उन्हाळ्यात तिकडची घड्याळं एक तास पुढं सारतात, तेव्हा मी साडेचार म्हणायचो. अण्णा रोज तितक्याच नवलानं मान हलवायचे. "आमी हितं उन्हात नि पोरगी तितं पांघरुनात. नशीब हाय की ओ सर." मला फार बरं वाटायचं. रेखांश या विषयाचा मला आयुष्यात एवढाच उपयोग झाला.

ती काय काम करते, असं कुणी विचारलं तर मी म्हणायचो, मोठ्या फूड कंपनीत आहे. तिनंच तसं सांगितलं होतं. "मोठ्या" हा शब्द माझा.

नोटा मी एकदाच जमवायच्या म्हटल्या. पाच युरोची नोट आली, तिच्यावर झकास कमानींचा पूल. नोटेवर देशाचं नाव नसतं. तेव्हा हा पूल कुठल्या नदीवरचा, हे शोधायला मी तीन आठवडे नकाशे पालथे घातले. शेवटी फ्रान्समधल्या एका नदीवर तो नक्की केला आणि माझ्याच जुन्या शाळेत पाहुणा म्हणून गेलो असताना मुलांना तसं सांगूनही आलो. नंतर कळलं, नोटांवरचे पूल मुद्दाम कल्पनेनं काढलेत, म्हणजे कुठल्याच देशानं रुसायला नको. नसलेला पूल मी असलेल्या नदीवर बांधून आलो होतो, आणि तो दीडशे मुलांच्या वहीत गेला होता.

आता मुख्य गोष्ट. क्रोएशियानं आपला जुना पैसा सोडून युरो घेतला, तेव्हा पहिल्या काही महिन्यांतच लेकीनं तिथलं नवंकोरं एक युरोचं नाणं पाठवलं. बाहेरचं कडं सोनेरी, मध्ये रुपेरी, पाठीमागे चौकटींचा पट आणि त्यावर मुंगसासारखा एक प्राणी. समुद्राकाठच्या हॉटेलात कॉफी पिऊन पैसे दिले, तेव्हा सुटे म्हणून हे हातात आलं, असं तिनं सांगितलं. कॉफीच्या कपात समुद्र दिसत होता म्हणे.

त्याच आठवड्यात गच्चीवर सोलर बसवला म्हणून आमच्याकडे सत्यनारायण होता. आता सोलापूरच्या बाहेरच्यांना एक सांगायला हवं. दहा रुपयांचं नाणं सरकारनं काढलं, पण आमच्याकडे ते कुणी घेत नाही. भाजीवाली घेत नाही, रिक्षावाला घेत नाही. "चालत न्हाय हितं," एवढंच उत्तर. का चालत नाही, हे विचारणारा परगावचा समजला जातो. त्यामुळे घरोघरी बिस्किटांच्या डब्यात दहाची नाणी साचलेली असतात आणि ती बाहेर पडायची वाट एकच: पूजा. विड्याच्या पानांवर सुपारी आणि नाणं मांडायचं. देव नाही म्हणत नाही.

दहाच्या नाण्यालाही बाहेर सोनेरी कडं आणि मध्ये रुपेरी. मी अण्णांना गंमत म्हणून क्रोएशियाचं नाणं दहाच्या नाण्यांच्या शेजारी ठेवून दाखवलं. "बघा अण्णा, सख्खे भाऊ." तेवढ्यात आतून हिनं विड्यांसाठी नाणी मागितली. मी टेबलावरची सगळी नाणी ओंजळीत गोळा केली आणि वाटीत ओतली. पूजा झाली, आरती झाली, गुरुजींनी विडे गुंडाळून पिशवीत टाकले आणि प्रसाद खाऊन ते गेले. अल्बमचा विसावा, क्रोएशियाचा खण रिकामा दिसला तेव्हा संध्याकाळ झाली होती. मी तिथंच चौरंगावर बसलो. चौरंगावर तेव्हा अजून कलश होता.

गुरुजींकडे लगेच जायला काय झालं होतं? देवाला वाहिलेलं परत मागायचं कसं, हा एक विचार. आणि हिला कळलं असतं, हा दुसरा, जरा मोठा. मग मी जे केलं ते केलं. ब्लेडनं विसावा खण थोडा रुंद कापला आणि त्यात दहा रुपयांचं नाणं बसवलं. खाली लिहिलं, क्रोएशिया, राजधानी झाग्रेब. पंख्याच्या उंचीवरून अल्बमचा फोटो काढून लेकीला पाठवला. तिनं अंगठा पाठवला. मी सुटलो.

तीन वर्षं सुटलोच होतो. या जानेवारीत बल्गेरियानं युरो घेतला. मी अण्णांना राजधानी सांगत होतो तोच लेकीचा फोन आला. चार वर्षांनी ती घरी येत होती. बल्गेरियाची नवी नाणी आणते, म्हणाली. "पण बाबा, ती मी माझ्या हातानं लावणार. क्रोएशियाच्या शेजारी."

मी हो म्हटलं. तिला यायला पंधरा दिवस होते. नाणं ऑनलाइन मागवावं, तर पोचायला महिना लागेल असं दिसत होतं. खरं सांगून टाकावं, हा मार्ग होता. पण आमचं सगळं बोलणं या नाण्यांवरून सुरू झालेलं. तिनं एवढ्या लांबून, एवढ्या समुद्राकाठून जपून पाठवलेलं नाणं मी सुपारीबरोबर देऊन टाकलं आणि वर तीन वर्षं फसवलं, हे कुठल्या तोंडानं सांगणार? पुन्हा अकरा महिन्यांची पाळी आली, आणि या वेळी तिच्या बाजूनं, तर? कुंड्यांमध्ये आता पुन्हा झाडं लागली होती.

तेव्हा गेलो गुरुजींकडे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि कॉटखालून तेलाचा पंधरा किलोचा डबा पायानं पुढं ढकलला. डबा काठोकाठ दहाच्या नाण्यांनी भरलेला.

"सर," गुरुजी म्हणाले, "बाजारात जे चालत नाही ते सगळं सोलापूर देवाला देतं. देव मला देतो. मी कुणाला देऊ?"

त्या डब्यात माझी नाणी किती होती, हे मी विचारलं नाही. आम्ही सतरंजीवर डबा उपडा करणार, तेवढ्यात गुरुजींनी हात वर केला. "मुंगसाचं होतं का हो ते?"

माझा जीव भांड्यात पडला. होय, मुंगसाचंच.

"ते मी लगेच बाजूला काढलं होतं. मुंगूस कुबेराच्या हातात असतं. म्हटलं, असं नाणं सहज येत नाही, हा संकेत आहे."

जीव पुन्हा भांड्यातून बाहेर आला. मी विचारलं, मग आता कुठं आहे? गुरुजींनी कर्नाटकच्या सीमेवरच्या दुधनीच्या एका अडत व्यापाऱ्याचं नाव सांगितलं. त्यांच्या नव्या दुकानाची वास्तुशांत गुरुजींनीच केली होती. आग्नेय कोपऱ्यात वास्तुपुरुषाची प्रतिमा पुरतात, तिच्यासोबत हे नाणं ठेवलं आणि वर फरशी बसवली.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं मी दुधनीला. व्यापारी तुरीच्या पोत्यांमध्ये बसले होते. "बर्री सर, बर्री," असं कानडीत या-या म्हणत खुर्ची दिली, चहा सांगितला. मी नाण्याचं नाव काढताच ते उठून कोपऱ्यात गेले आणि एका फरशीपाशी चप्पल काढून उभे राहिले. ती फरशी आल्यापासून दुकान कसं चाललंय, पोरीचं लग्न कसं जमलं, बायकोचं दुखणं कसं थांबलं, सगळं सांगितलं. तो प्राणी मुंगूस नव्हे, थंड जंगलातलं केसाळ जनावर आहे, एके काळी तिकडं त्याच्या कातड्यांनी कर भरायचे, हे सगळं माझ्या जिभेवर आलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा मी भूगोल गिळला.

"फरशी उकरायचं तेवढं सोडून काय बी मागा," ते म्हणाले. "लांबनं आलाय तर वर उभं रावा की. पैसे न्हाय घेनार."

मीही चप्पल काढून उभा राहिलो. फरशी थंडगार होती. परत येताना गाडीत सारखं मनात येत होतं, की क्रोएशियाच्या इतक्या जवळ जाणारा आमच्या शाळेतला मी पहिलाच.

लेक आली. वाळली होती, पण हसत होती. दोन दिवस मी अल्बम लपवला. एकदा म्हणालो वाळवी लागली, एकदा म्हणालो अण्णांकडे आहे. तिसऱ्या दिवशी दुपारी हिनंच कपाटातून काढून तिच्या मांडीवर ठेवला. लेक आईशी अंबाडीच्या भाजीबद्दल बोलत होती आणि बोलता बोलता एकेका खणावरून अंगठा फिरवत होती. अंगठा विसाव्या खणावर थांबला. तिनं खाली बघितलंसुद्धा नाही.

"बाबा, हे एक युरो नाही."

मी म्हणालो, आपल्याकडचं ऊन तुला माहीतच आहे. धातू उष्णतेनं प्रसरण पावतो.

तिनं नाणं काढून कडेवरून बोट फिरवलं. "एक युरो याच्याहून लहान असतं. कड थोडी खरखरीत, थोडी गुळगुळीत. दिवसाला हजार नाणी या बोटांखालून जायची, झोपेतसुद्धा ओळखीन मी."

हिनं विचारलं, "कुठं जायची?"

लेकीनं नाणं परत खणात ठेवलं. मग म्हणाली, "पावाच्या दुकानात."

पुढचं तिनं सांगितलं ते अगदी साध्या आवाजात, बसचं वेळापत्रक सांगावं तसं. जावयांच्या शिष्यवृत्तीत दोघांचं भागत नव्हतं. लेकीच्या पदवीला तिकडं भाषेच्या परीक्षेशिवाय किंमत नव्हती. मग सहा वर्षं एका बेकरीच्या काउंटरवर. पोर्तुगाल नाही, फिनलंड नाही. एकाच गावातल्या एकाच दुकानात. गिऱ्हाईक सुटे देई, त्यात वेगळं चित्र दिसलं की ती बाजूला काढायची आणि गल्ल्यात स्वतःचं नाणं टाकायची. ट्राम, समुद्र, हातमोजा, सगळं इंटरनेटवर बघून.

"पहिल्यांदा वीणा दिसली," ती म्हणाली, "आणि वाटलं, तुम्हाला विचारण्यासारखं हेच एक आहे माझ्याकडे."

मी भूगोलाचा मास्तर. पैसा एक झाला की नाणी देश सोडून हिंडतात, आयर्लंडचं नाणं पाव घ्यायला जर्मनीत येतं, हे सातवीच्या पोराला कळलं असतं. मला सात-आठ वर्षं कळलं नाही. मी रोज कट्ट्यावर बसून लेकीला देशोदेशी फिरवत होतो. हिंडत नाणी होती. लेक एका जागी उभी होती.

मग मला एकदम कट्ट्यावरचे सकाळचे आठ आठवले. विचारायला नको होतं, तरी विचारलं. साडेतीनला तू काय करत असायचीस?

"हिवाळ्यात? सायकलवर असायचे. चारला दुकानात पोचावं लागायचं."

अण्णांना मी हजार वेळा तरी सांगितलं असेल, गाढ झोपेत असेल म्हणून. बर्फातून सायकल मारत होती पोर, आणि मी चहाचा घोट घेऊन तिला पांघरूण घालत होतो. हिनं उठून लेकीचा हात हातात घेतला आणि बोटं उलटसुलट करून बघत बसली, नाणं बघावं तशी.

त्यानंतर माझी दुधनीची गोष्ट म्हणजे काहीच नव्हती, पण सांगितली. गुरुजींचा डबा, कुबेर, आग्नेय कोपरा, सगळं. फरशीवर चप्पल काढून उभा राहिलो, इथवर आल्यावर लेक हसायला लागली ती थांबेचना. डोळे पुसत म्हणाली, "म्हणजे क्रोएशिया तुम्हीच बघितलात. मी कुठं बघितला?"

बल्गेरियाची नाणी तिनं स्वतःच लावली. ती कुठून आणलीस, असं मी विचारायच्या आधीच तिनं सांगितलं. मागच्या वर्षी ती परीक्षा पास झाली, आता एका लॅबमध्ये आहे, तिथली एक बाई मूळची बल्गेरियाची. ती सुट्टीवरून परतताना घेऊन आली. एक युरोवर दाढीवाले कुणी संत आहेत, डोक्यामागं वलय. आमच्या हिनं दोन्ही हात जोडले आणि मला बजावलं, "हे मात्र गुरुजींना द्यायचं नाही."

दहा रुपयांचं नाणं लेकीनं विसाव्या खणातून काढू दिलं नाही. तिथंच आहे.

ती परत गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी आठला कट्ट्यावर बसलो. घड्याळ बघितलं नाही. अण्णांनी पेपरची घडी उघडली, थोडा वेळ माझी वाट बघितली, मग त्यांनीच विचारलं, "काय ओ सर, साडेतीन झालं की तिकडं. पोरगी झोपली असंल."

"आता झोपते," मी म्हणालो.

"आता म्हंजी?"

"मागच्या वर्षापासून, अण्णा."

अण्णांनी पेपर खाली ठेवला. मी त्यांना पावाच्या दुकानापासून सांगायला सुरुवात केली. चहा दोघांचाही तसाच राहिला.